ब्रह्मपुरीपासून फ्लोरेन्सपर्यंत

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गळीत हंगाम सुरू असतो तेव्हा रसाचा ब्रिक्स, उसाचा उतारा आणि बगॅसमध्ये, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यात, राहून गेलेली साखर यांच्या नोंदींत दिवसपाळी आणि रात्रपाळी सरते. हंगाम संपला की संध्याकाळी माझ्या वाट्याला येतात आणि त्यांतील बहुतेक मी मराठी विकिपीडियाला देते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात लिहिणाऱ्याला मानधन मिळत नाही, लेखावर नाव येत नाही आणि आज लिहिलेले वाक्य उद्या दुसऱ्या संपादकाने बदलले, तर चर्चा पानावर जाऊन कारणासह आपले म्हणणे मांडावे लागते. हे काम मी मनापासून करते. एखाद्या लेखासाठी प्रत्यक्षात काय काय शोधावे लागते आणि एका विषयातून दुसरा कसा निघतो, याची हकिगत सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

मराठीला कोशवाङ्मयाची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२७ या काळात काढले आणि पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. विश्वकोशात नोंद त्या विषयाच्या जाणकाराकडे सोपवली जाई आणि त्याच्या अधिकारामुळे तिला वजन येई. विकिपीडियावर लिहिणाऱ्याला असा कोणताही अधिकार नाही. तेथे मी साखर कारखान्यात आहे म्हणून साखरेबद्दलचे माझे वाक्य अधिक खरे मानले जात नाही, आणि तसे मानले जाऊ नये हेच मला योग्य वाटते. प्रत्येक विधानामागे वाचकाला तपासून पाहता येईल असा छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार हवा, वादाच्या प्रश्नात सर्व बाजू त्यांच्या वजनाप्रमाणे याव्यात आणि संपादकाने स्वतःचे नवे निष्कर्ष लेखात घालू नयेत, एवढी चौकट आहे. तिसऱ्या नियमामुळे अनेकांना वाटते की विकिपीडियावर संशोधनाला जागाच नाही. माझा अनुभव अगदी उलट आहे, कारण आधार कोठे आहे, तो कितपत विश्वासार्ह आहे आणि दोन आधार एकमेकांशी भांडत असतील तर वाचकाला काय सांगायचे, हे ठरवण्यातच महिने जातात.

माझी सुरुवात ओळखीच्या विषयापासून झाली. ब्रिक्स म्हणजे काय, यावर काही परिच्छेद लिहिले. रसातील विरघळलेल्या घन पदार्थांचे हे माप कारखान्यात जेवढे महत्त्वाचे, तेवढेच गुऱ्हाळातही असते, म्हणून ओघाने गुळाकडे वळले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या मानांकनांच्या नोंदणीची कागदपत्रे सार्वजनिक असतात. उत्पादनाचा प्रदेश, पद्धत आणि इतिहास त्यांत नोंदलेला असतो, म्हणून अशा लेखांना ती फार उपयोगी पडतात. कोल्हापुरी चपलेच्या लेखातही मला त्यांचा आधार झाला. ते मानांकन २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून देण्यात आले. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात तशाच चपला दिसल्या आणि एकाएकी सगळीकडे त्या चपलेबद्दल लिहिले जाऊ लागले, तेव्हा चप्पल नेमकी कोणत्या जिल्ह्यांची, या प्रश्नाचे उत्तर देणारे वाक्य आधारासह लेखात असणे किती गरजेचे होते, हे दिसून आले.

गुळाचा लेख मात्र मला फार जड गेला, आणि त्यावर थोडे थांबून लिहायला हवे. रसायनाच्या बाजूची माहिती सहज मिळते. काहिलीतला रस तापू लागला की त्यात चुना घालून आम्लता कमी करतात, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की त्यात अडकून मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची, आणि पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की काहील चुलवाणावरून उतरवायची. कोल्हापुरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. या विषयावरचे त्यांचे प्रसिद्ध साहित्य मला वाचायला मिळाले आणि लेखाचा कणा त्यातून तयार झाला. पण गुऱ्हाळावर तापमापक क्वचितच दिसतो. तेथे सगळी मदार गुळव्यावर, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरावर असते. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत धरून त्याची गोळी बांधते का पाहतो, आणि त्याच्या एका इशाऱ्यावर चार-पाच माणसे काहील वाफ्यात रिकामी करतात. करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर मी एका वयस्क गुळव्याला किती वेळ आटवायचे असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, बुडबुडं कसं येतंय ते बघायचं. घड्याळ बघत बसलं तर गूळ करपतोय.”

हे वाक्य लेखात घालता येत नाही. त्यांनी मला सांगितले आणि मी लिहून घेतले, एवढ्यावर ते पडताळण्याजोगे होत नाही. त्यांच्या हाताला जे कळते ते कोणत्याही पुस्तकात मला जसेच्या तसे सापडले नाही. नियम मोडावा, असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मी ऐकलेले मी लिहिले तर उद्या कोणीही काहीही ऐकल्याचे लिहील. पण कारागिरांच्या ज्ञानाबाबत हा नियम फार कठोर पडतो, हे मान्य केले पाहिजे, कारण ज्यांच्याबद्दल लिहिले गेले त्यांचीच बाजू कोशात येते आणि ज्यांनी आयुष्यभर नुसते काम केले ते बाहेर राहतात. यावर मला सापडलेला मार्ग संथ आहे. मी जुन्या छापील नोंदी शोधू लागले. मेजर ग्रॅहम यांचा कोल्हापूर संस्थानावरचा १८५४ चा अहवाल आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८६ चा चोविसावा, म्हणजे कोल्हापूरचा खंड, हे दोन्ही मी पिके, धंदे आणि हत्यारे यांच्या नोंदींसाठी वाचून काढले. इंग्रज अधिकाऱ्यांची नजर करवसुलीची होती, तरी त्या नजरेने टिपलेले तपशील शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे आहेत आणि पानाच्या क्रमांकासह दाखवता येतात. शिवाय गुऱ्हाळावर काढलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर घालता येतात. काहिलीत झारा धरलेला हात, पाण्यातली गोळी, वाफ्यात ओतला जाणारा गूळ ही सगळी चित्रे लेखात आहेत आणि जे वाक्यात सांगता आले नाही ते वाचक निदान पाहू शकतो.

गॅझेटिअर वाचण्यासाठी मी करवीर नगर वाचन मंदिरात बसत असे. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात जुनी पुस्तके चाळताना एखादा विषय नको असतानाही समोर येतो. ब्रह्मपुरी तशीच आली. पंचगंगेच्या काठावरच्या या टेकाडावर १९४५-४६ मध्ये हसमुख सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. डेक्कन कॉलेजने १९५२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष तेथे मिळाले. ब्रह्मपुरीतून आलेल्या ब्राँझच्या वस्तूंत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहान मूर्ती आहे. आज ती टाऊन हॉलमधील कोल्हापूर संग्रहालयात आहे. मी ती शाळेच्या सहलीत पाहिली होती. पण समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्राचा परका देव कोणी आणला असेल हा प्रश्न मनात खोल रुतला तो मोठेपणी अहवाल वाचताना.

या एका मूर्तीसाठी मला जेवढे वाचावे लागले तेवढे एरवी मी वाचले नसते. रोमशी चाललेल्या व्यापाराची माहिती, कोकणातील बंदरे, घाटवाटा आणि कोल्हापूर परिसरात सापडलेली धनुष्यबाणाच्या चिन्हाची नाणी या सगळ्यांतून जावे लागले. त्या नाण्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर अशी नावे आहेत. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने हिप्पोकौरा या नगराचा राजा म्हणून बालेओकौरोस असे नाव दिले आहे. तो बालेओकौरोस म्हणजे विळिवायकुर असावा, असे अनेक अभ्यासकांनी मानले. काहींनी पुढे जाऊन हिप्पोकौरा म्हणजेच कोल्हापूर असेही म्हटले, पण ही दुसरी ओळख सर्वमान्य नाही. आपल्या गावाचे नाव टॉलेमीच्या ग्रंथात आहे असे लिहून टाकण्याचा मोह कोल्हापूरकराला होणे स्वाभाविक आहे. लेखात मी पहिले मत आणि दुसरे मत वेगवेगळ्या वाक्यांत, ज्याचे त्याच्या नावावर ठेवले आहे. ब्राँझच्या वस्तूंबाबतही तसेच करावे लागले. ब्रह्मपुरीतील कोणत्या वस्तू खरोखर रोमन साम्राज्यातून आल्या आणि कोणत्या परदेशी नमुन्यावर इकडेच घडल्या, यावर रिचर्ड डी प्युमा यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात पुन्हा विचार केला आहे. उत्खननाचा अहवाल मूळ आणि महत्त्वाचा असला, तरी त्यावरच थांबले असते तर लेख पन्नासच्या दशकात अडकून पडला असता.

पोसायडनचे छायाचित्र हवे म्हणून मी टाऊन हॉलवर माहिती शोधू लागले आणि मूर्ती बाजूला राहून इमारतीनेच लक्ष वेधून घेतले. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या या इमारतीचा आराखडा चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने केला. १८७७ ते १८८४ मध्ये काळ्या दगडात उभा राहिलेला नवा राजवाडाही त्याचाच. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि अजमेरचे मेयो कॉलेज यांचे आराखडेही मँटचे. १८८१ मध्ये तो वारला आणि बडोद्याचे काम पुढे वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी पूर्ण केले. आपल्या इमारती कोसळतील या धास्तीने मँटने जीव दिला, अशी एक कथा सर्वत्र फिरते. ती चटकदार असल्यामुळे प्रत्येक जण ती पुढे पाठवतो. त्या कथेला समकालीन आधार आहे का, हे मी पुष्कळ तपासले आणि तसा आधार हाती लागला नाही, म्हणून लेखात तिला जागा दिली नाही. एखाद्या मृत माणसाच्या शेवटाबद्दल काही लिहायचे तर ऐकीव गोष्टीपेक्षा भक्कम काहीतरी हवे, एवढा मान आपण त्याला दिलाच पाहिजे.

मँटच्या कामांची यादी करताना तीत इटलीतील फ्लोरेन्स शहर आले, आणि येथून माझे आजवरचे सर्वांत लांबलेले काम सुरू झाले. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले होते. ते तेव्हा अवघ्या विशीत होते. इंग्लंडचा मुक्काम आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. इटलीत त्या काळी दहनाची प्रथा नव्हती. विशेष परवानगी मिळवून शहराबाहेर कॅशिने या विस्तीर्ण उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी पुढे छत्री, म्हणजे खांबांवरची घुमटीसारखी स्मारकवास्तू, उभी राहिली. तिचा आराखडा मँटचा आणि तीत बसवलेला अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा, १८७४ सालचा. शंभर वर्षांनी, १९७२ ते १९७८ या काळात, जवळच आर्नोवर मोठा पूल बांधण्यात आला, तेव्हा त्याला ‘पोंते आल इंदियानो’ असे नाव मिळाले. या पुलावरून रोज जाणाऱ्या फ्लोरेन्सच्या माणसाला तो कोणा एका भारतीयाचा पूल वाटतो. तो भारतीय कोल्हापूरचा राजा होता, हे कोल्हापुरातील कितीतरी लोकांनाही ठाऊक नसते.

काम सुरू केले तेव्हा पहिली अडचण नावाचीच होती. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम, सातारच्या गादीवर १७४९ ते १७७७ असलेले राजाराम ऊर्फ रामराजा, आपले हे १८६६ मध्ये गादीवर आलेले राजाराम आणि शाहू महाराजांनंतर १९२२ मध्ये आलेले राजाराम, असे किमान चार छत्रपती एका नावाचे आहेत. पुस्तके त्यांना क्रमांक देतात, पण सातारचा हिशोब कोल्हापूरला लावला की दुसरा कोण आणि तिसरा कोण यात गोंधळ होतो. तो गोंधळ आंतरजालावर पसरला होता. एकाच्या लेखात दुसऱ्याचे छायाचित्र आणि तिसऱ्याची मृत्युतारीख, असेही पाहायला मिळाले. प्रथम मी चौघांसाठी एक निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाच्या लेखांकडे वाट दाखवणारे पान, केले, मग विकिडेटा या सर्व भाषांच्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यात प्रत्येकाची नोंद वेगळी आहे ना ते पाहिले, आणि कोणत्या भाषेतील विकिपीडियाचा लेख कोणत्या नोंदीला जोडला आहे ते एकेक करून तपासले. हे काम वाचकाच्या नजरेस कधीच पडत नाही. पण विकिडेटावरची एक चुकीची तारीख अनेक भाषांतल्या लेखांत आपोआप उतरू शकते, म्हणून मी या भागाला लेखनाइतकेच महत्त्व देते.

दुसरा टप्पा आधारांचा. राजाराम महाराजांनी प्रवासात रोजनिशी ठेवली होती. कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली. स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे तिची स्कॅन केलेली प्रत आज कोणालाही वाचता येते. मी ती हंगामाच्या अखेरीस वाचायला घेतली. एका तरुण राजाने पाहिलेली सभागृहे, कारखाने आणि माणसे तीत आहेत. वाचत असताना मला सारखे जाणवत होते की हा मजकूर आपल्यापर्यंत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून आला आहे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे वेस्ट यांनी ठरवले असणार. म्हणून रोजनिशीतून मी तारखा आणि ठिकाणे घेतली, पण राजाच्या मनात काय होते याबद्दल एकही वाक्य लेखात लिहिले नाही. एखाद्या कादंबरीकाराला तो अधिकार आहे. कोशाला नाही.

इटालियन आधारांसाठी मी इटालियन विकिपीडियावरील एका संपादकाच्या चर्चा पानावर विनंती लिहिली. आम्ही दोघांनी यंत्रानुवादाच्या मदतीने एकमेकांना निरोप पाठवले. त्यांनी फ्लोरेन्सच्या स्थानिक इतिहासावरील पुस्तकांतील उल्लेख दाखवले आणि एक संदर्भ मला नव्याने समजावून दिला. १८७० मध्ये फ्लोरेन्स हे इटलीच्या राज्याची राजधानी होते. १८६५ ते १८७१ एवढीच वर्षे तो मान त्या शहराकडे होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते आणि राजधानी तिकडे हलण्याच्या बेतात होती. म्हणजे आपल्या राजाचे निधन एका आडगावात झाले नव्हते, राजकीय उलथापालथीच्या ऐन काळात एका देशाच्या राजधानीत झाले होते. लेखात हे एका वाक्यात येते. त्या वाक्याने सगळा प्रसंग कसा उजळतो, हे मला वाचकाला दाखवायचे होते. उलट दिशेने मी त्यांना कोल्हापूरच्या गादीची वंशावळ, दत्तकविधानाची पद्धत आणि नावांचा गुंता समजावून दिला, आणि इटालियन लेखात ती माहिती त्यांनी घेतली.

अशा मोठ्या कामांच्या मधल्या काळात लहान वाटा फुटतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी होते, म्हणून त्या लेखात दुरुस्त्या करायला गेले आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्यापाशी थांबले. केसरबाईंनी गायिलेली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत घेतली गेली. त्यांपैकी ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. या दोन तारखांमधील अंतर इतके कमी आहे की अनेकांनी त्यावर काव्यमय मजकूर लिहिला आहे. मी दोन्ही तारखा आधारासह लेखात ठेवल्या. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा, हे याच भटकंतीत खगोलशास्त्राकडे वळल्यावर नजरेस आले आणि काही आठवडे मी विश्वरचनाशास्त्रावरचे लेख वाचत राहिले.

ताज्या घटनांवर लिहिणे मला आवडत नाही, कारण पहिल्या बातम्या घाईच्या असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र टाळता आले नाही. १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. लेखावर एका तासात इतकी संपादने झाली की आम्ही काही जण नुसते आकडे आणि गावाचे नाव सांभाळत बसलो होतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यामुळे त्यांच्या लेखावरही गर्दी उसळली. आणि ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तू, खासबाग मैदानाला लागून असलेली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. त्या रात्री शहरात फार कोणी झोपले नसेल. कोणीतरी लेखातील सगळी क्रियापदे भूतकाळात नेली होती. दगडी भिंती उभ्या होत्या आणि नाट्यगृह पुन्हा बांधण्याची मागणी सकाळपासून सुरू झाली होती, म्हणून मी कारण देऊन ती वर्तमानकाळात आणली. आगीच्या कारणाबद्दल चार-पाच तर्क फिरत होते. त्यांपैकी एकही मी लेखात राहू दिला नाही. आगीपूर्वी आमच्यातील काहींनी काढलेली रंगमंचाची आणि प्रेक्षागृहाची छायाचित्रे कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली होती, आणि त्यानंतरच्या आठवड्यात ती कितीतरी ठिकाणी वापरली गेली.

छायाचित्रांच्या परवान्याकडे मी फार काटेकोरपणे पाहते. भारतीय कायद्यात लेखक किंवा चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे कलावंत बाबूराव पेंटर १६ जानेवारी १९५४ रोजी गेले, म्हणजे त्यांची स्वतःची चित्रे भारतात १ जानेवारी २०१५ पासून मुक्त झाली. हा हिशोब केल्यावर त्यांच्या लेखाला चित्रांची जोड देण्याचा मार्ग मोकळा झाला. कंपनीच्या स्थापनेचे वर्ष मात्र पुस्तकापुस्तकांत बदलते, आणि लेखात ते तसेच सांगितले आहे.

मतभेदांबद्दलही लिहिले पाहिजे. देवीला अंबाबाई म्हणावे की महालक्ष्मी, यावर लेखाच्या चर्चा पानावर माणसे मोठ्या तळमळीने लिहितात. त्या तळमळीचा मला आदर आहे. दोन्ही नावे रूढ आहेत आणि दोन्ही आधारांसह सुरुवातीलाच द्यावीत, असे मी तेथे मांडले. पंचगंगेबाबत प्रश्न वेगळा होता. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त असल्याची श्रद्धा आहे. भूगोल आणि श्रद्धा यांना एकाच वाक्यात कोंबण्यापेक्षा दोन वाक्ये केली की कोणावरही अन्याय होत नाही. पुराच्या दिवसांत याच लेखाकडे वाचक धावतात, म्हणून राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी लेखात वरच्या बाजूस ठेवली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे आकडे कोल्हापुरातल्या लहान मुलांनाही पाठ आहेत, पण बाहेरगावी असलेल्या आणि आईवडील नदीकाठी राहणाऱ्या माणसाला ते लगेच सापडले पाहिजेत.

सध्या मी चार्ल्स मँटच्या कोल्हापुरातील इमारतींची एकत्रित यादी करते आहे. कोणती इमारत खरोखर त्याच्या आराखड्यावर झाली आणि कोणती नंतर त्याच्या नावावर चढली, हे वेगळे करण्यासाठी कोल्हापूर पुरालेखागारातील कागदांचे प्रसिद्ध झालेले उतारे आणि त्या काळचे प्रशासकीय अहवाल वाचायचे आहेत. त्यांतील काही मोडीत आहेत, म्हणून मोडीचा वर्गही लावला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉयलर पेटण्याआधी टाऊन हॉल आणि नवा राजवाडा यांचे लेख आधारांसह पूर्ण व्हावेत, असा बेत आहे. छत्रीच्या बांधकामाच्या खर्चाचा उल्लेख कोल्हापूरच्या कागदांत कोठे आढळतो का, असे इटलीतील त्या संपादकाने विचारले आहे. त्याचे उत्तर शोधणेही याच कामात येते.